मुक्या ‘ग’ची बाधा

इनॉट आडनावाची माणसं आजमितीला अख्ख्या इंग्लंडमध्ये सतरा आहेत. हा आकडा मी स्वतः मोजलेला आहे, तेव्हा त्याबद्दल शंका नको. मार्चपर्यंत आम्ही अठरा होतो. मग स्कारबरोच्या प्रूडन्सआत्या गेल्या आणि आमची लोकसंख्या एका फटक्यात साडेपाच टक्क्यांनी घटली. दुसऱ्या कुठल्या जमातीची एवढी पडझड झाली असती तर वर्तमानपत्रांनी रकाने भरले असते. आमच्या वाट्याला साप्ताहिकातल्या दोन ओळी आल्या, आणि त्यातही आत्यांचं आडनाव ‘इग्नोअर’ असं छापलं होतं.

याचं कारण आमचा ग. आम्ही लिहितो इग्नॉट आणि म्हणतो इनॉट. मधला ग मुका आहे. माझे वडील सांगायचे, त्यांना त्यांचे वडील सांगायचे, की आपला मूळ पुरुष, एक नॉर्मन सरदार, विल्यम राजाबरोबर १०६६ साली नॉर्मंडीहून बोटीने आला, आणि येताना हा फ्रेंच ग सोबत घेऊन आला. ‘सामान्य माणसाच्या नावातली सगळी अक्षरं कामाला जुंपलेली असतात,’ वडील म्हणायचे, ‘आपल्या घराण्याला एक अक्षर नुसतं बसवून पोसणं परवडतं.’ मी नगरपालिकेच्या पायवाटा खात्यात चौतीस वर्षं नोकरी केली आणि उपनिरीक्षकाचा निरीक्षक कधी झालो नाही. त्या चौतीस वर्षांत मला या ग चा फार आधार होता.

शेजारच्या क्लेगचं मत वेगळं. क्लेग पोस्टातून निवृत्त झालेला, आमच्या दोघांच्या बागांमध्ये एक कुंपण आणि त्या कुंपणावर दिवसभर क्लेगची कोपरं. आमच्या भागात क्लेग म्हणजे घोड्याला चावणारी माशी. त्याला याची लाज नाही, उलट तो ते स्वतःहून सांगतो.

“आमचं सरळ आहे,” तो म्हणतो. “माशी. चावते. संपलं. तुमच्या घराण्याला, हम्फ्री, पिढ्यान्‌पिढ्या गची बाधा झालेली आहे.”

मी अशा बोलण्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणजे एरवी करतो. या जूनमध्ये मात्र आमच्या लेकीने, टॅबिथाने, रविवारच्या जेवणाच्या टेबलावर, बटाटे वाढून घेता घेता, सांगितलं की सप्टेंबरात डंकनशी लग्न झाल्यावर ती स्मिथ होणार.

डंकनबद्दल माझी काही तक्रार नाही. उंच आहे, कमी बोलतो, माझ्या बायकोने, डल्सीने, केलेला पुडिंगचा प्रत्येक प्रकार खातो. पण स्मिथ. या देशात स्मिथ किती आहेत हे मोजायला मी गेलो नाही, कारण तेवढं आयुष्य कोणाकडे आहे. टॅबिथा मात्र आमच्यातली सर्वांत लहान. ती एकोणतीस वर्षांची आहे, म्हणजे गेल्या एकोणतीस वर्षांत इनॉटांचा जन्मदर शून्य. आमचे सात पुरुष आहेत, त्यातला तरुणात तरुण मी, आणि मी त्रेसष्ट वर्षांचा. बायका दहा, त्यातल्या सहा लग्न करून आलेल्या. टॅबिथा स्मिथ झाली की आमच्या आडनावाचं पुढे काय होणार हे कळायला गणित यावं लागत नाही.

“पण का?” मी विचारलं.

“डॅड, मी शाळेत शिकवते. तिसरीतल्या मुलांना शब्द जसा लिहिलाय तसा वाचा म्हणून सांगते, आणि मग फळ्यावर माझं नाव लिहिते. दातांच्या दवाखान्यात मला परवा आय. जी. नॉट म्हणून हाक मारली. मी उठलेच नाही. माझा नंबर गेला.”

“घराण्याचं नाव आहे ते, टॅबी.”

“मग मला एक कारण दे. ते नॉर्मन-बिर्मन नको, खरं कारण. हे नाव मी का ठेवावं, याचं एक चांगलं कारण. दिलंस तर ठेवते.” असं म्हणून तिने पासपोर्टचा फॉर्म काढला. लग्नानंतर पोर्तुगालला जायचं म्हणून नव्या नावाचा पासपोर्ट आधीच मागवायचा होता. फॉर्मवर तिने स्मिथ लिहून ठेवलेलं होतं. “जुलैच्या शेवटच्या सोमवारी मी हा पोस्टात टाकणार,” ती म्हणाली आणि तो तिने दिवाणखान्यातल्या घड्याळामागे खोचला. तेव्हापासून ते घड्याळ किती वाजले ते सांगेनासं झालं, नुसतं किती दिवस उरले तेवढं सांगायला लागलं.

मी कामाला लागलो. जेवणघराच्या भिंतीवर इंग्लंडचा नकाशा लावला आणि प्रत्येक इनॉटाच्या जागी एकेक लाल टाचणी टोचली. नव्या वॉलपेपरला भोकं पडली म्हणून डल्सी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण शास्त्रासाठी एवढं सोसावं लागतं. आमचं घर सोडलं तर इनॉटांची सर्वांत दाट वस्ती ग्रिम्सबीत निघाली. एकाच घरात तीन. त्यातले सिरिल आणि मॉड हे सख्खे बहीणभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. तिसरी त्यांची आई, वय सत्त्याण्णव, ती स्वयंपाकघरात बसून दोन्ही बाजूंचे निरोप पोचवते.

मग मी घराण्याचं चिन्ह शोधायला गेलो. चिन्हाशिवाय सरदार कसला? जिल्ह्याच्या जत्रेत एक गृहस्थ तंबू टाकून बसला होता. नाव सांगा, ढाल घेऊन जा. त्याने जाडजूड वही चाळली.

“इग्नॉट नाहीये,” तो म्हणाला. “इगल्टन आहे. चालेल?”

“वेगळं घराणं आहे ते.”

“अक्षरं जवळचीच आहेत. आणि ढाल छान आहे, बघा.”

ढाल छान होती हे मला नाकारता आलं नाही. हिरव्या रंगावर तीन सोनेरी हेजहॉग, काटे फुलवून उभे. बागेतला तो अंगाचं गाठोडं करून बसणारा प्राणी इतका रुबाबदार दिसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी ती ढाल घराच्या दाराशेजारी, रस्त्यावरून दिसेल अशी लावली. क्लेगने कुंपणावरून ती बराच वेळ पाहिली.

“हे काय?”

“घराण्याचं चिन्ह.”

“म्हणजे तुझा सरदार संकट आलं की गोळा होऊन पडायचा.”

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायरीवर बुटांचं एक खोकं. आत जुना टॉवेल आणि त्यावर एक जिवंत हेजहॉग, मागचा एक पाय दुखावलेला. सोबत चिठ्ठी होती, ‘तुमची पाटी पाहिली. देव तुमचं भलं करो.’ खाली नाव नाही, पत्ता नाही. आमच्या गावातल्या बायकांना मुक्या प्राण्यांचा फार कळवळा. पाटीवर तीन हेजहॉग, म्हणजे हे हेजहॉगांचं इस्पितळ, असा त्यातल्या एकीने सरळ हिशेब केला होता. मी हे खोकं कुठे नेऊन द्यावं याची चौकशी करायला आत फोनपाशी गेलो, तोवर डल्सीने त्याला मांजराचं खाणं बशीत घालून दिलं होतं.

“कोणाचं आहे कुणास ठाऊक,” ती म्हणाली. “आता आलंय तर राहू दे.”

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं तर तिथल्या मुलीने फॉर्म काढला. प्राण्याचं नाव? ठेवलेलं नाही. मालकाचं आडनाव? मी सांगितलं. तिने रीतीप्रमाणे प्राण्याच्या नावापुढे मालकाचं आडनाव टाकलं आणि औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, ‘हेजहॉग इग्नॉट, दिवसातून दोनदा.’ स्पेलिंग अचूक होतं. माझ्या आयुष्यात एखाद्या कचेरीने हे नाव पहिल्या झटक्यात बरोबर लिहिलं ते हे असं. घरी येऊन मी वहीत अठरा असा आकडा लिहिला, मग शास्त्राला धरून खोडला.

एव्हाना मी जुलैच्या शेवटच्या शनिवारी, चर्चच्या सभागृहात, समस्त इनॉटांचा मेळावा जाहीर करून बसलो होतो. सगळ्यांसमोर मूळ पुरुषाची हकिकत सांगायची, टॅबिथा पहिल्या रांगेत बसलेली असेल, आणि सोमवारी फॉर्म पोस्टात जाणार नाही, असा बेत. पत्रांना उत्तरं आली. मॉडने लिहिलं, ‘सिरिल येणार असेल तर मी येणार नाही.’ सिरिलने लिहिलं, ‘मी येतो आहे, मॉडला कळवावे.’ दोन्ही पत्रं एकाच पाकिटात होती. आठवण म्हणून मी चोवीस मगही करायला टाकले. तीन हेजहॉग, त्याखाली आडनाव, त्याखाली ‘सन १०६६ पासून’. ही ऑर्डर मी फोनवर दिली. फोनवर दिली हे वाचून तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मग आले ते ‘इनॉट’ असे, बोलतात तसे. चोवीसच्या चोवीस मगांवर ग नव्हता.

“बोललात तसं लिहिलं,” मगवाला म्हणाला.

आता राहिला फक्त पुरावा. तो मिळवायला मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेलो. तिथे पिशवी आणि कोट बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. खिडकीवर मिसेस पेच नावाच्या बाई होत्या. त्यांनी ओळखीचे कागद मागितले. मी वाचनालयाचं कार्ड दिलं, त्यावर इग्नेट होतं. बसचा पास दिला, त्यावर इनॉट. विजेचं बिल दिलं, त्यावर एच. नॉट.

“तीन कागद आणि तीन माणसं,” मिसेस पेच म्हणाल्या. “यातला तू कोणता, बदका?”

आमच्याकडे बाई बदका म्हणाली म्हणजे अजून चिडलेली नाही एवढंच समजायचं. मी तिसऱ्यांदा सगळं समजावून सांगितलं, ग चं मूळ, नॉर्मंडी, बोट. माझ्या मागे सातजण रांगेत उभे होते. त्यातल्या एकाने ‘बाई, त्यांना आत सोडा’ अशी शिफारस केली. मला ती शिफारस पटली, पण तिच्यामागची भावना पटली नाही.

आत आमच्या साल्टरबी गावच्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची सूची होती. जन्म, लग्न, मृत्यू, आडनावांच्या क्रमाने. इग्नॉट १७०२ पासून पुढे भरपूर. त्याआधी एक नाही. १०६६ ला बोटीतून उतरलेला माणूस सहाशे छत्तीस वर्षं कुठे होता? मी चार दिवस जाऊन ती सूची उलटीसुलटी वाचली. शेवटी गुरुवारी संध्याकाळी तोंड पाडून कुंपणाशी आलो. मेळाव्याला दोन दिवस राहिले होते.

“कोणती सूची?” क्लेगने विचारलं. “ती निळ्या पुठ्ठ्याची?”

“हो.”

“ती मीच केलीय. वीस वर्षांपूर्वी, इतिहासमंडळासाठी.” क्लेग कधी नव्हे तो कुंपणावरून कोपरं काढून ताठ उभा राहिला. “अडीच हिवाळे गेले त्यात. अक्षर कसलं ते. आणि एक पाद्री तर निव्वळ वेंधळा. दर चार पानांनी नावाच्या जागी ‘अज्ञात’ लिहायचा. स्वतः लग्न लावतोय, नवरा समोर उभा आहे, आणि नाव अज्ञात. मी आपलं लॅटिनचा कोश बघून इंग्रजीत उतरवलं आणि सगळी शेवटी ‘नाव माहीत नाही’ या सदरात टाकली. त्या अज्ञाताला पुढे सात मुलं झाली म्हणे.”

“सगळ्यांची नावं अज्ञात?”

“सगळ्यांची. घराणंच विसरभोळं.”

मी हळूच विचारलं, “अज्ञातला लॅटिनमध्ये काय म्हणतात, क्लेग?”

“इग्नोटस,” क्लेग म्हणाला. मग तो थांबला. त्याने माझ्या दाराशेजारची पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा कधी पडलेला मी पाहिला नव्हता. “अरे देवा,” तो म्हणाला. “मी तुझं अख्खं खानदान ‘माहीत नाही’मध्ये टाकलं.”

शुक्रवारी आम्ही दोघं दप्तरखान्यात गेलो. मिसेस पेचनी मूळ वही आणून उशीवर ठेवली आणि स्वतःच वाचून दाखवायला बसल्या. १६४१ सालच्या जानेवारीतली नोंद होती. चर्चच्या देवडीत, हेरिंग माशांच्या टोपलीत, एक मूल सापडलं. मुलगा. नाव टॉमस ठेवलं. बाप, इग्नोटस. तेवीस वर्षांनी त्याच टॉमसचं लग्न, तेव्हा पाद्र्याने इग्नोटस हा शब्द पहिलं अक्षर मोठं काढून नावापुढे लिहिलेला. म्हणजे अज्ञात हेच त्याचं आडनाव होऊन बसलं होतं. पुढच्या पाद्र्याला लॅटिनचा कंटाळा असावा, त्याने शेपटी छाटून इग्नॉट केलं. गावाला तेही म्हणायला जड गेलं, गावाने ग गिळला.

तर असा आमचा मूळ पुरुष. बोटीतून नव्हे, मासळीच्या टोपलीतून आलेला. मला तिथल्या तिथे कोट घालून घरी जावंसं वाटलं, पण कोट बाहेर होता. माझे वडील, त्यांचे वडील, पायवाटा खात्यातली माझी चौतीस वर्षं, सगळ्यांच्या वतीने मला एकट्याला लाज वाटली.

“थांब, बदका,” मिसेस पेच म्हणाल्या. “पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी आहे.”

तिथे त्याच पाद्र्याच्या अक्षरात वारांची यादी होती. सोमवार, विधवा हॅरड. मंगळवार, चाकं करणारा पोप. बुधवार, क्लेग. असे सात वार, सात घरं, रविवारी पाद्री स्वतः. मूल वारांनी वाढलं होतं, रोज एका घरी, दूधही तिथे आणि झोपही तिथे. आणि यादीखाली एकच ओळ होती. मिसेस पेचनी ती दोनदा वाचली. ‘हे मूल कोणाचे ते ठाऊक नाही, सबब सर्व गावाचे.’

मग क्लेगने घसा साफ केला.

“बुधवारी आमच्याकडे,” तो म्हणाला.

“वाचलं मी.”

“नाही, म्हणजे तुमच्या मूळ पुरुषाला आम्ही दूध पाजलंय, हम्फ्री. हे मी आता रोज म्हणणार, तू मनाची तयारी ठेव.”

घरी येताना बसमध्ये मात्र माझ्या मनात निराळंच चाललं होतं. ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती. सभागृहात उद्या तोरणं लागणार होती, मगांवर १०६६ होतं, भाषण नॉर्मंडीपासून लिहून तयार होतं. टॅबिथाला एक चांगलं कारण हवं होतं. सरदार हे कारण होतं. ‘बाप अज्ञात’ हे कुठल्या मुलीला आपलं नाव ठेवायचं कारण वाटेल? मी क्लेगला म्हटलं, “उद्या काही बोलू नकोस.” क्लेग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “नाव तुझं आहे.” त्याने टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी सतरांपैकी तेरा आले. मी दाराशी उभा राहून मोजत होतो. इतके इनॉट एका छपराखाली मी जन्मात पाहिले नव्हते. सगळ्यांचे कान आमच्यासारखे, किंचित बाहेर आलेले. मॉड सभागृहाच्या डाव्या टोकाला बसली, सिरिल उजव्या, मध्ये सत्त्याण्णव वर्षांची आई चाकाच्या खुर्चीत. सँडविचची ताटं फिरली, ‘ग’ नसलेल्या मगांतून चहा झाला. हेजहॉगला घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून डल्सीने तोही खोक्यासकट आणला होता. टॅबिथा आणि डंकन पहिल्या रांगेत होते. मी उठलो, कागद उघडला आणि म्हणालो, “सन १०६६.”

मग माझी नजर डल्सीच्या मांडीवरच्या खोक्यावर गेली. कोणाचं आहे कुणास ठाऊक, आता आलंय तर राहू दे. मी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“सन १०६६ मध्ये,” मी म्हणालो, “आपलं कोणीही, कुठूनही, कसल्याही बोटीने आलेलं नाही.”

आणि मी सगळं सांगितलं. टोपली सांगितली, इग्नोटस सांगितलं, वार सांगितले, बुधवार सांगताना क्लेग मागच्या रांगेत उगाचच उठून उभा राहिला. शेवटची ओळ सांगताना माझा आवाज गेला. पायवाटा खात्याच्या माणसाने सभेत रडू नये असा नियम नाही, पण प्रघात आहे. तो मी मोडला.

लीड्सहून आलेल्या एका चुलत्याने ‘म्हणजे मासळीची टोपली’ असं स्वतःशीच म्हटलं. माझी मान खाली गेली. तेव्हा टॅबिथाने विचारलं, “डॅड, मग तो ग?”

“तो ग फ्रेंच नाही, टॅबी. त्या लॅटिन ‘अज्ञात’ची तेवढीच खूण उरली. त्या पोराचा बाप कोणाला ठाऊक नव्हता, हे गावाने लपवलं नाही. उलट सरळ नावातच घातलं, आणि तरी त्याला वाढवलं. ग काढला तर मागे काहीच राहत नाही. नुसतं नाव राहतं.”

पुढे बोलली ती मॉड. तिने हातातला मग डोळ्यांजवळ धरला होता.

“यावर ग नाहीये,” ती म्हणाली. “मार्कर आहे का कोणाकडे?”

डंकनच्या खिशात एक काळा मार्कर निघाला. मॉडने चष्मा वर केला आणि मगावर, दोन अक्षरांच्या मध्ये खूण करून, वरून ठसठशीत ग घातला. मग ती उठली. सभागृहाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत चालत गेली आणि मार्कर सिरिलपुढे धरला.

“तुझ्यावर पण नाहीये,” ती म्हणाली.

सिरिलने मार्कर घेतला. “तू घाल,” तो म्हणाला. “माझा हात थरथरतो.”

अकरा वर्षांनी झालेलं हे पहिलं बोलणं. मधल्या खुर्चीतली आई म्हणाली, “चला, माझी नोकरी सुटली.” त्यानंतर मार्कर तेरा हातांतून फिरला. क्लेगलाही एक मग मिळाला, बुधवारचा मान म्हणून. नॉर्मन सरदार गेला त्याचं मला दुःख झालं, खोटं कशाला सांगू? पण त्या सभागृहात मला जो अभिमान वाटला तसा त्या सरदाराने मला त्रेसष्ट वर्षांत एकदाही वाटू दिला नव्हता. ते मग आम्ही अजून धुतलेले नाहीत. डल्सी म्हणते की साबणाने ग जाईल.

टॅबिथा मात्र शनिवारी बोलली नाही, रविवारी बोलली नाही. मीही विचारलं नाही. सोमवारी सकाळी उठून दिवाणखान्यात गेलो तर घड्याळामागे फॉर्म नव्हता. पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे. मी खुर्चीत बसलो आणि स्वतःला समजावलं की एखादं नाव तीनशे ऐंशी वर्षं चाललं म्हणजे पुष्कळ झालं, स्मिथही चांगली माणसं असतात.

“नुसता बसू नकोस,” डल्सीने स्वयंपाकघरातून सांगितलं. “त्याचं खोकं साफ कर.”

मी हातमोजे घालून हेजहॉगला उचललं. तो पुष्कळ बरा झालेला दिसत होता, मला काटे फुलवून दाखवण्याइतका. टॉवेल काढला. खाली कागद अंथरलेला होता, चांगला जाड, सरकारी. रात्रभरात त्याचं जे व्हायचं ते झालं होतं, पण वरच्या रकान्यातलं ‘स्मिथ’ अजून वाचता येत होतं. मी तो कागद हातात धरून तसाच उभा राहिलो.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून टॅबिथाचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती, तिसरीतल्या मुलांशी बोलते तसं सावकाश.

“नवा फॉर्म पाठवाल का? आधीचा खराब झाला. हो, आडनाव लिहून घ्या. नाही, लग्नानंतरही हेच. आय. मग ग. हो, ग आहे त्यात. उच्चारायचा नाही.” ती क्षणभर थांबली. “पण गाळायचाही नाही.”